धावणे, आणि आणखी ६४४ अर्थ

इंग्रजी शिकायला लागले की पहिल्या काही दिवसांतच 'रन' हा शब्द भेटतो. रन म्हणजे धावणे, असे पाठ करून आपण पुढे सरकतो. मग एक दिवस वाक्य समोर येते, 'हर नोज इज रनिंग'. नाक काही धावत नाही, ते वाहते. पाठोपाठ कारखाना 'रन' होतो म्हणजे चालतो, रस्ता नदीच्या कडेने 'रन' करतो म्हणजे जातो, धुताना कापडाचा रंग 'रन' होतो म्हणजे पसरतो, आणि वर्तमानपत्र बातमी 'रन' करते म्हणजे छापते. माझे काम भाषांतराचे. लांबलचक पारिभाषिक शब्दांनी मला फारसे छळलेले नाही. 'फोटोसिंथेसिस'च्या जागी प्रकाशसंश्लेषण लिहिले की प्रश्न मिटतो. हात थबकतो तो असल्या तीन अक्षरी क्रियापदांपाशी.

'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती. त्याच्या क्रियापदाचेच चारशे तीसच्या वर अर्थ दिलेले होते. पुढे कोशाची नवी आवृत्ती तयार होऊ लागली आणि 'रन'ने त्याला मागे टाकले. क्रियापद म्हणून 'रन'चे ६४५ अर्थ भरले. ही नोंद नव्याने लिहायला पीटर गिलिव्हर या कोशकाराला सुमारे नऊ महिने लागले.

हे अर्थ मोजतात तरी कसे? कोशकार आधी खरी वाक्ये गोळा करतो, जुन्या ग्रंथांतली, पत्रांतली, वर्तमानपत्रांतली. मग त्यांच्या गड्ड्या लावतो. नदी वाहते आणि नाक वाहते ही वाक्ये एका गड्डीत ठेवायची की दोन? यंत्र चालवणे आणि संस्था चालवणे? इथे त्याला स्वतःच्या बुद्धीने सुरी चालवावी लागते, आणि प्रत्येकाची सुरी वेगळ्या जाडीचे काप काढते. प्रिन्स्टन विद्यापीठात जॉर्ज मिलर यांनी १९८५ साली सुरू केलेल्या 'वर्डनेट' या शब्दजाळ्यात याच क्रियापदाचे अर्थ चाळीसच्या आसपास आहेत. एक कोश ६४५ म्हणतो, दुसरा चाळीस, आणि चूक कुणाचीच नाही. इंद्रधनुष्यात रंग किती, हा प्रश्न असाच आहे. रंग खरेच असतात, त्यांच्यामधल्या रेघा आपण मारतो.

गंमत अशी की हे सगळे अर्थ एकमेकांचे बोट धरून आलेले आहेत. माणूस धावतो, पाणीही तसेच न अडखळता पुढे जात राहते, पाण्यासारखी शाई आणि रक्त, मग सतत फिरत राहणारे यंत्र, यंत्रासारखाच चालता ठेवलेला व्यवसाय, आणि अलीकडे संगणकातला प्रोग्रॅम. पहिल्या आणि शेवटच्या कडीत काहीही साम्य नाही, पण प्रत्येक कडी शेजारच्या कडीत नीट अडकलेली आहे. या गुणाला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'पॉलिसेमी' हे नाव दिले. मराठीत आपण अनेकार्थता म्हणतो. आपले 'लागणे' याच जातीचे: भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, निकाल लागतो, वेड लागते.

'बॅट'चे तसे नाही. चेंडू मारायची बॅट आणि वटवाघूळ हे इंग्रजीत वेगवेगळ्या मुळांतून आलेले दोन शब्द आहेत, केवळ योगायोगाने उच्चार एक झाला. हा फरक फक्त पंडिती नाही. २००२ साली मानसशास्त्रज्ञ जेनी रॉड आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना पडद्यावर अक्षरे दाखवून 'हा खरा शब्द आहे का?' एवढेच विचारले होते. असंबद्ध अर्थांच्या शब्दांना ओळखायला जास्त वेळ लागला, तर एकमेकांशी नाते असलेल्या अर्थांचे शब्द उलट लवकर ओळखले गेले. नात्यातली गर्दी मेंदूला मदत करते, परक्यांची गर्दी अडवते.

वाक्य ऐकताना नको असलेल्या अर्थांचे काय होते, हे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी १९७९ साली फार सुंदर रीतीने दाखवले. श्रोत्यांच्या कानात एक वाक्य चालू असे: खोलीच्या कोपऱ्यात माणसाला कोळी, झुरळे आणि इतर 'बग्ज' सापडले. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा, आणि चोरून ऐकण्यासाठी लपवलेले यंत्रही. कोळी-झुरळांनंतर शंकेला जागाच नाही. तरीही 'बग्ज' कानावर पडताक्षणी पडद्यावर 'मुंगी' किंवा 'हेर' अर्थाचा इंग्रजी शब्द दाखवला, तर दोन्ही सारख्याच झटपट ओळखले जात. 'शिवणे' या असंबद्ध शब्दाला वेळ लागे. त्यानंतर जेमतेम तीन अक्षरे उच्चारण्याइतका वेळ जाऊ देऊन चाचणी घेतली, तर फक्त मुंगी उरलेली आणि हेर नाहीसा झालेला. म्हणजे मन आधी दोन्ही दारे उघडते आणि सेकंदभरात एक बंद करते. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. मला हा प्रयोग आजही थक्क करतो.

अर्थ इतके, तर समानार्थी शब्द किती? पीटर मार्क रॉजेट या डॉक्टरांनी १८५२ साली कल्पनांनुसार शब्दांचे गट लावलेला प्रसिद्ध कोश काढला, आणि तेव्हापासून लिहिणारे लोक अशा याद्या उघडत आले आहेत. पण यादी शब्दाची नसते, त्याच्या एका अर्थाची असते. 'रन'च्या जागी नदीपाशी 'फ्लो', यंत्रापाशी 'ऑपरेट', संस्थेपाशी 'मॅनेज'. यांची अदलाबदल केली की वाक्य कोसळते. सगळ्यांत मोठे आश्चर्य निवडणुकीत आहे. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, ब्रिटनमध्ये तो 'स्टँड' करतो. धावणे आणि उभे राहणे चक्क समानार्थी! मराठीत उमेदवार उभाच राहतो, म्हणून 'रनिंग फॉर प्रेसिडेंट' समोर आले की मला त्या धावत्या माणसाला थांबवून उभे करावे लागते.

यंत्रांना नेमका अर्थ निवडणे जमेल का? यंत्र-भाषांतराचे अभ्यासक येहोशुआ बार-हिलेल यांनी १९६० साली नाही म्हणून सांगितले आणि पुरावा म्हणून एक साधे वाक्य दिले: 'द बॉक्स वॉज इन द पेन'. पेटी लेखणीत मावत नाही, म्हणून इथे 'पेन' म्हणजे मुलाला खेळायला केलेले कुंपण. पण पेटी केवढी आणि लेखणी केवढी, हे यंत्राला कोण सांगणार? आजच्या भाषा-प्रणाल्या वेगळ्या वाटेने गेल्या. त्या प्रचंड मजकुरातून शब्दाचे शेजारी शिकतात आणि शब्द जितक्या वेळा येईल तितक्या वेळा, भोवतालची वाक्ये पाहून, त्याला आकड्यांची एक नवी ओळ देतात. ६४५ कप्पे त्यांना कुणी पाडून दिलेले नसतात. दोन ओळींमधले अंतर तेवढे मोजता येते: नदीतला 'रन' 'फ्लो'च्या जवळ सरकतो, आणि निवडणुकीतला 'स्टँड'च्या.