खड्ड्यात थर लावलेले सांगाडे : दुष्काळाचे की प्लेगचे?

मध्ययुगातल्या सामूहिक कबरीचा फोटो दिसला की खाली कोणीतरी हमखास लिहितंच, ब्लॅक डेथ, म्हणजे १३४८ चा तो प्लेग. आणि हा गोंधळ फक्त आपल्यासारख्या वाचकांचा नाही बरं का, लंडनमध्ये स्पिटलफील्ड्सला सेंट मेरी स्पिटल या जुन्या धर्मादाय हॉस्पिटलच्या दफनभूमीत १९९० च्या दशकाच्या शेवटी मोठं खोदकाम झालं, १०,००० हून जास्त सांगाडे निघाले, त्यातले कितीतरी मोठ्या खड्ड्यांत एकावर एक ठेवलेले, तेव्हा तिथल्या तज्ज्ञांनाही आधी १३४८ चा प्लेगच आठवला. मग रेडिओकार्बनने (हाडातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढायची पद्धत) काळ काढला तर हे खड्डे जवळजवळ १०० वर्षं आधीचे निघाले, साधारण १२५० च्या आसपासचे, म्हणजे ब्लॅक डेथचा प्लेग तेव्हा इंग्लंडात आलेलाच नव्हता! १२५८ ला तिथे भयंकर दुष्काळ पडला होता, एकट्या लंडनमध्ये १५,००० गरीब मेले असं त्या काळचा बखरकार मॅथ्यू पॅरिस लिहून गेलाय. १२५७ ला इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावर सामालास ज्वालामुखी फुटला, त्याची राख आणि गंधक वर गेल्याने हवा थंड पडली, तोही संबंध जोडला जातो, पण पिकं त्याच्या आधीच बिघडायला लागली होती असंही काही इतिहासकार म्हणतात.

आता खरा प्लेगचा खड्डा बघायचा तर तिथून फार लांब जायला नको. टॉवर ऑफ लंडनच्या जवळ ईस्ट स्मिथफील्ड, ही जागा खास ब्लॅक डेथच्या मृतांसाठीच घेतलेली, १३४८ ते १३५० ची, त्यामुळे इथे काळाचा वादच नाही. खोदकाम १९८० च्या दशकात झालं. लांबच लांब चर, त्यात ओळीने ठेवलेली माणसं, काही ठिकाणी पाच-पाच थर. वरवर बघितलं तर स्पिटलफील्ड्ससारखंच दिसेल.

फरक हाडात शोधायला गेलं की पहिला धक्का बसतो, कारण प्लेग हाडावर काहीच लिहून ठेवत नाही. गाठ उठली की थोड्याच दिवसांत माणूस जायचा आणि हाडाला बदलायला तेवढा वेळच मिळत नाही. म्हणून पुरावा दातात शोधावा लागतो. दाताच्या आतल्या पोकळीत रक्त खेळत असतं, तिथे जंतूचा डीएनए अडकून राहतो, आणि ईस्ट स्मिथफील्डच्या दातांतूनच २०११ ला प्लेगच्या जंतूचा जवळपास पूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचला गेला. १८९६ ला मुंबईत आणि मग पुण्यात ज्याने घरंच्या घरं रिकामी केली तो याच जातीचा जंतू.

उपासमारीचं उलट आहे, ती हळूहळू मारते म्हणून खुणा सोडते. लहानपणी दात तयार होत असताना पोटाला मिळालं नाही की इनॅमल (दातावरचं कठीण आवरण) बनणं थांबतं आणि दातावर आडवी रेघ राहते, ती जन्मभर जात नाही. डोळ्यांच्या खोबणीच्या छताला बारीक भोकं पडतात, उंची खुंटते. आणि मला सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट म्हणजे नायट्रोजन : माणूस उपाशी असला की शरीर स्वतःचेच स्नायू खायला लागतं, त्यामुळे शरीरात जड नायट्रोजनचं (नायट्रोजनचाच थोडा जास्त वजनाचा प्रकार) प्रमाण वाढतं, मांस खाल्ल्यासारखंच, म्हणून आकडा बघितला तर वाटावं की हा चांगलं मांसमच्छी खाणारा होता. आयर्लंडच्या १८४० च्या दशकातल्या दुष्काळात मेलेल्या मुलांच्या दातांत हे स्पष्ट दिसलंय.

पण इथेच जपायला हवं. दातावरची रेघ उपासमारीनेही येते आणि मोठ्या तापानेही, नुसत्या रेघेवरून कारण सांगता येत नाही. आणि रेघ आहे म्हणजे ते मूल त्या संकटातून वाचलं, नाहीतर रेघ पूर्ण झालीच नसती. ज्याची हाडं अगदी स्वच्छ तो धडधाकट असेल किंवा पहिल्याच झटक्यात गेलेला असेल, दोन्ही शक्य.

मग दुष्काळ आणि प्लेग एकमेकांपासून इतके वेगळे आहेत का? जुन्या सांगाड्यांच्या अभ्यासक शॅरन डिविट यांनी ईस्ट स्मिथफील्डच्या सांगाड्यांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की प्लेगने सगळ्यांना सारखं नेलं नाही, आधीच अशक्तपणाच्या खुणा असलेले जास्त गेले. १३१५ ते १३१७ ला इंग्लंडसह उत्तर युरोपात महादुष्काळ पडला होता. १३१६ ला जे मूल तीन वर्षांचं होतं ते १३४९ ला छत्तिशीत, म्हणजे ईस्ट स्मिथफील्डच्या चरातल्या एखाद्या माणसाच्या दाताच्या बाहेरच्या बाजूला दुष्काळाची रेघ असेल आणि त्याच दाताच्या आत प्लेगचा जंतू.