हद्द कायद्याची आणि हद्द पोलिसांची

‘परदेशात बसलेल्या हॅकरला आपला कायदा लागूच होत नाही,’ असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. लागू होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 75 वाचा: माणूस कुठल्याही देशाचा असो, भारतातला संगणक किंवा नेटवर्क गुन्ह्यात गुंतलं असेल तर कायदा चालतो. घोडं अडतं ते पुढे, कारण त्याला उचलायला आपला फौजदार तिकडे जाऊ शकत नाही. कायदा लागू होणं ही एक हद्द, बेड्या घालता येणं ही दुसरी. ‘अधिकारक्षेत्र’ या एकाच शब्दात आपण दोन्ही कोंबतो.

रशियातल्या चेल्याबिन्स्कमधून इव्हानोव्ह आणि गोर्श्कोव्ह हे दोघे अमेरिकी कंपन्यांच्या संगणकांत घुसून खंडणी मागायचे. ‘मी तर रशियात होतो,’ हा इव्हानोव्हचा बचाव कनेक्टिकटच्या न्यायालयाने 2001 मध्ये फेटाळला. संगणक कनेक्टिकटमधले होते ना! पण त्याआधी त्यांना रशियातून आणायचं कसं? अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने सिएटलमध्ये खोटी कंपनी थाटली आणि नोव्हेंबर 2000 मध्ये दोघांना मुलाखतीला बोलावलं. ते आले, कसब दाखवायला रशियातल्या आपल्या सर्व्हरवर शिरले, आणि टाइप केलेले पासवर्ड एफबीआयने टिपले. अटकेनंतर त्याच पासवर्डने रशियातला डेटा उतरवून घेतला, वॉरंट मिळण्याआधीच. अमेरिकी न्यायालयाला त्यात वावगं दिसलं नाही. रशियाच्या एफएसबी या सुरक्षा यंत्रणेने मात्र 2002 मध्ये त्या एफबीआय एजंटवरच हॅकिंगचा गुन्हा नोंदवला. मला ही तक्रार पटते. एजंट सिएटलमध्येच बसून होता, पण झडती परक्या मुलखात झाली.

उलटंही घडतं. मे 2000 मध्ये ‘आय लव्ह यू’ हा संगणक-विषाणू जगभर पसरला. संशयित मनिलात सापडला, पण फिलिपिन्समध्ये असल्या उद्योगाला गुन्हा ठरवणारा कायदाच नव्हता. जूनमध्ये तो झाला. मागच्या कृत्याला लावता येईना. अमेरिकेच्या हवाली करावं, तर त्यासाठी कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावं लागतं. तो सुटला.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट 2018 मध्ये हॅकरांनी सुमारे 94 कोटी रुपये पळवले, त्यातले बरेचसे 28 देशांतल्या एटीएममधून. कायदा लागू होण्याबद्दल प्रश्नच नव्हता. 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवलं. सगळे इथेच हाती लागलेले.