कारभारीपण : कोठीतून पाकिटात आणि पुन्हा कोठीत

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत ‘कारभारीपण’ हा शब्द निघाला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अर्पणाची थैली येते. दशमांश म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, वार्षिक वर्गणी, पाळकांचा पगार, छपराची दुरुस्ती. शब्द मुळात मात्र कोठीघरातला आहे. ग्रीक नव्या करारातला ‘ओइकोनोमोस’ म्हणजे घरची व्यवस्था पाहणारा नोकर. पुष्कळदा तो गुलामच असे. किल्ल्या त्याच्या कमरेला, माल धन्याचा. लूकच्या १२ व्या अध्यायात चांगल्या कारभाऱ्याची खूण दिली आहे ती एवढीच, की घरातल्या प्रत्येकाला त्याचा शिधा वेळेवर आणि मापाने मिळतो. १६ व्या अध्यायातल्या कारभाऱ्यावर पहिली तक्रार येते ती उधळपट्टीची. तिथे जे ग्रीक क्रियापद आहे, तेच एक अध्याय आधी, उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात, धाकट्या मुलाने आपला वाटा उडवला तिथे आले आहे. म्हणजे कारभाऱ्याची परीक्षा तो किती दान देतो यावर सुरू होत नाही. हाती आलेले वाया जाते का, इथून ती सुरू होते. हा अर्थ कसा मागे पडला आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत पुन्हा का वर आला, ते पाहायचे तर बरेच मागे जावे लागते.

जुन्या करारात याचा पहिला धडा शेतात मिळतो. लेवीयच्या १९ व्या अध्यायात आज्ञा आहे: कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत विळा नेऊ नये, आणि पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबांचा आणि उपऱ्यांचा. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात आणखी दोन गोष्टी येतात. विसरलेली पेंढी आणायला परत फिरायचे नाही आणि जैतुनाचे झाड एकदा झोडपले की त्याच फांद्या दुसऱ्यांदा चाचपायच्या नाहीत. ‘सरवा’ हा शब्द मराठी शेतकऱ्याच्या तोंडचा असल्यामुळे सरवा वेचणाऱ्या रूथची बायबलमधली गोष्ट आपल्याकडे सहज समजते. कड किती सोडायची याचे माप मूळ आज्ञेत नाही. पुढे यहुदी शास्त्रींनी ते ठरवले: कमीत कमी साठावा हिस्सा. एकरभर शेतात हे सुमारे ७२६ चौरस फूट होतात, पाऊण गुंठ्याला थोडे कमी. या कायद्याची बारीक बाजू लक्षात घेण्याजोगी आहे. मालकाने धान्य घरी नेऊन मग त्यातून वाटावे, असे त्यात नाही. ते उभेच सोडायचे, म्हणजे घेणारा स्वतः कापून नेतो, कोणापुढे हात पसरत नाही.

दुसरा धडा मान्ना या, रानात इस्राएल लोकांना रोज सकाळी मिळणाऱ्या अन्नाचा, निर्गमच्या १६ व्या अध्यायातला. माणशी एक ओमर, म्हणजे सुमारे दोन लिटर. ज्यांनी सकाळसाठी राखून ठेवले, त्यांच्या भांड्यात किडे पडले आणि वास सुटला. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा, शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी. गरजेपुरते मोजून घेण्याचा हा नियम ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ या प्रार्थनेपर्यंत सरळ चालत येतो.

तिसरा धडा योहानाच्या ६ व्या अध्यायातला. पाच भाकरी आणि दोन मासे यांवर पाच हजारांचे जेवण झाल्यावर येशू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो, काही फुकट जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरतात. या टोपलीचा ग्रीक शब्द ‘कोफिनोस’ आहे: प्रवासात शिदोरी ठेवायची वेताची लहान टोपली. चार हजारांच्या जेवणानंतर भरल्या त्या सात टोपल्यांना वेगळा शब्द आहे, ‘स्पुरिस’. ती मोठी पाटी, प्रेषित पौलाला जिच्यात बसवून दमास्कसच्या तटावरून खाली सोडले तशी. आणि भाकरी जवाच्या होत्या, गरिबाघरच्या. जवाची भाकरी वाळते, कडक होते, पण लगेच आंबत नाही. कालवणात मोडून दुसऱ्या दिवशी खाता येते. म्हणून तुकडे गोळा करणे शक्य होते. हा तपशील ध्यानात ठेवावा, भाताच्या देशात तो महत्त्वाचा ठरणार आहे.

सोडणे, मोजणे आणि गोळा करणे या तीन सवयींना पहिल्यांदा रोजच्या वेळापत्रकात बसवले ते मठांनी. इटलीत मोंते कासिनो इथे बेनेडिक्टने इ.स. ५३० च्या आसपास जी नियमावली लिहिली, तिच्या ३१ व्या अध्यायात मठाच्या कोठावळ्याबद्दल एक वाक्य आहे: मठाची सगळी भांडी आणि मालमत्ता त्याने वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावी. आमच्या मते कारभारीपणावर यापेक्षा नेमके काही लिहिले गेलेले नाही. प्रभुभोजनाचा प्याला आणि कुदळ एका रांगेत बसवली की साधेपणा ही वेगळी तपश्चर्या उरत नाही, ती भांडी घासण्याची रीत होते.

नियमावली तिथेच थांबत नाही. ३२ व्या अध्यायाप्रमाणे अवजारे आणि कपडे यांची यादी मठाधिपतीकडे असते. काय दिले आणि काय परत आले, ते त्या यादीवरून तपासायचे. ३५ व्या अध्यायात स्वयंपाकघराची पाळी आठवड्याची. शनिवारी पाळी संपवणाऱ्याने हातपाय पुसायचे पंचे धुवायचे, भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत कोठावळ्याला परत करायची, आणि कोठावळ्याने ती मोजून पुढच्याच्या हवाली करायची. कोणी काही फोडले किंवा हरवले, तर ४६ व्या अध्यायानुसार त्याने आपणहून येऊन लगेच सांगायचे. दुसऱ्याकडून कळले तर शिक्षा मोठी. ३९ व्या अध्यायात भाकर माणशी दिवसाला एक पौंड, आणि रात्रीचे जेवण असेल त्या दिवशी तिचा तिसरा हिस्सा कोठावळ्याने आधीच काढून ठेवायचा. हे आधीच काढून ठेवणे फार शहाणपणाचे आहे. दुपारी सगळे ताटात वाढले की संध्याकाळी एकतर कमी पडते, नाहीतर पुन्हा नव्याने रांधावे लागते. कपड्यांचा हिशेब ५५ व्या अध्यायात: दोन झगे आणि दोन टोपीवाले अंगरखे पुरेत, एक अंगात आणि एक धुण्यात. नवा घेताना जुना त्याच वेळी परत द्यायचा, तो गरिबांसाठी कपड्यांच्या कोठीत जातो. नवे येते आणि जुनेही घरातच साठते, ही आजच्या कपाटांची अडचण या एका ओळीने सुटते.

अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने हाच हिशेब मठाबाहेर, पगारदार माणसाच्या घरात आणला. पैशाच्या उपयोगावरचे त्याचे प्रवचन १७६० मध्ये छापले गेले. त्याची तीन सूत्रे: जमेल तेवढे मिळवा, जमेल तेवढे वाचवा, जमेल तेवढे द्या. मधल्या सूत्राचा अर्थ साठवणे असा नाही. नाहक खर्च टाळा, काही वाया घालवू नका, असे तो बजावतो. दुसऱ्या एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुणाचे आकडे येतात; तो तरुण म्हणजे स्वतः वेस्लीच, असे मानले जाते. पहिल्या वर्षी मिळकत ३० पौंड, खर्च २८, दान २. पुढच्या वर्षी मिळकत ६०, खर्च तरीही २८, दान ३२. मग ९० मधून ६२ आणि १२० मधून ९२. मिळकत चौपट झाली, खर्चाची रेघ हलली नाही. १७७६ मध्ये चांदीच्या भांड्यांवरील कराबाबत सरकारने विचारणा केली, तेव्हा त्याने उत्तर पाठवले की लंडनला चांदीचे दोन चमचे आहेत आणि ब्रिस्टलला दोन. भोवती इतक्यांना भाकर नसताना आणखी घेणार नाही.

अर्थ आक्रसला तो अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला. तिथल्या चर्चला सरकारी मदत नव्हती. बाकांचे भाडे, वर्गणी, जत्रा यांवर खर्च भागत नसे, आणि परदेशी मिशनांचा व्याप वाढत होता. दशमांशाचा जोरदार प्रचार सुरू झाला. मग आली दोन कप्प्यांची पाकिटे: वर्षाच्या प्रत्येक रविवारसाठी एक, त्यावर सभासदाचा क्रमांक, एका कप्प्यात स्थानिक मंडळीच्या खर्चाचे पैसे, दुसऱ्यात मिशनचे. व्यवस्था चोख होती, पण कारभारीपण मोजण्याची जागा कोठीतून पाकिटात गेली. पाकीट भरले की घरात किती शिजते आणि किती फेकले जाते, हे विचारणारे कोणी उरले नाही.

भारतात हा अर्थ पूर्णपणे आक्रसला नाही, कारण गावच्या ख्रिस्ती माणसाकडे पाकिटात घालायला रोकडच नव्हती. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये आणि अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झाले. १८५४-५५ मध्ये मिशनचे अमेरिकेतले सचिव रूफस अँडरसन भारतात येऊन गेले. देशी मंडळ्यांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे हा त्यांचा आग्रह होता. पण मजुरी आणि बलुते धान्यात मिळे, म्हणून अर्पणही धान्यातच यायचे: ज्वारी, बाजरी, अंडी, कोंबडी. सुगीच्या सणाला आजही कितीतरी मंडळ्यांत वेदीपुढे कणसे, भोपळे, कोथिंबिरीच्या जुड्या मांडतात आणि उपासनेनंतर लिलाव होतो. काही ठिकाणी बोली जिंकणारा ती वस्तू पुन्हा लिलावाला देतो. इथे एक चूक नेहमी होते. पालेभाजी आणि फळे उपासनेच्या दोन तास आधीपासून उन्हाच्या बाजूला मांडलेली असतात, आणि लिलाव धान्यापासून सुरू होतो. भाजीचा नंबर येईपर्यंत ती मान टाकते. नाशवंत माल आधी आणि धान्य शेवटी, एवढा क्रम बदलला तरी टोपलीभर माल वाचतो. गोव्यात भाताच्या पहिल्या कणसांचा आशीर्वाद घेतात ते कोणसाचे फेस्तही याच कुळातले. सासष्टीतल्या राय गावात ते ५ ऑगस्टला असते.

या सगळ्यांत सर्वांत टिकाऊ पद्धत मिझोरमची. वेल्श मिशनच्या प्रेस्बिटेरियन मंडळीत १९१० च्या सुमारास बायकांनी ‘बुहफाई थाम’ सुरू केले. बुहफाई म्हणजे कांडलेला तांदूळ, थाम म्हणजे मूठ. आपल्याकडच्या मुष्टिफंडासारखेच हे, पण रोजचे. प्रत्येक वेळी भात शिजवण्याआधी मोजून घेतलेल्या तांदळातून एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची. मंडळीच्या बायका घरोघरी जाऊन डबे रिकामे करतात, तांदूळ सभासदांनाच विकतात, पैसे सुवार्ताकार्याला. सुरुवातीला त्यातून बायबल स्त्रियांचा, म्हणजे घरोघरी बायबल शिकवणाऱ्या बायकांचा, खर्च चाले. आज ही जमा वर्षाला कोटींत जाते.

गणित करून पाहू. एक मूठ ३० ते ३५ ग्रॅम धरली तर दोन वेळची ६० ते ७०, महिन्याला सुमारे दोन किलो. शंभर घरांचे दोनशे किलो. घरात मात्र कोणी उपाशी राहत नाही, कारण भांड्यातून कमी होते ते बहुधा उरणारेच. सगळी युक्ती ‘शिजवण्याआधी’ या शब्दात आहे. मूठ काढायची तर तांदूळ आधी मापाने घ्यावा लागतो. डोळ्यांच्या अंदाजाने पातेल्यात ओतणारीलाही माप हाती घ्यावे लागते. शिजल्यावर उरलेला भात मिशनला देता येत नाही.

बिघडते ते साठवणीत. डब्यात जुन्या तांदळावर नवा पडत जातो, तळाचा महिनोन्‌महिने हलत नाही आणि पावसाळ्यात त्याला सोंडे होतात. डबा घट्ट झाकणाचा, कोरडा हवा आणि आठवड्या-पंधरवड्याला तळापासून रिकामा व्हायला हवा. दुसरी अडचण मिसळीची: शंभर घरांचा नवा-जुना, जाड-बारीक तांदूळ एकत्र केला तर शिजताना काही दाणे फुटतात, काही कच्चे राहतात. म्हणून गोळा करतानाच जाड आणि बारीक यांची पोती वेगळी ठेवावीत.

पाश्चात्य मंडळ्यांना कोठीची आठवण झाली ती १९६० नंतर. १९६७ मध्ये इतिहासकार लिन व्हाइट यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात निसर्गाच्या नासाडीचा ठपका उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातल्या ‘सत्ता चालवा’ या आज्ञेच्या ख्रिस्ती अर्थावर ठेवला. आरोप झोंबला आणि दुसऱ्या अध्यायाकडे लक्ष गेले. तिथे माणसाला बागेची मशागत आणि राखण करायला ठेवले आहे. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या मेनोनाइट सेंट्रल कमिटीने आपल्या लोकांना अन्नावरचा खर्च आणि खाणे १० टक्क्यांनी कमी करायला सांगितले; त्यातून १९७६ मध्ये डोरिस जान्झन लाँगेकर यांचे डाळी-धान्यांवर भर देणारे पाककृतींचे पुस्तक निघाले आणि घरोघरी पोचले. १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनच्या कॅथलिकांनी उपवासकाळात साध्या जेवणातून वाचलेले पैसे टाकायला पुठ्ठ्याची ‘भाताची वाटी’ टेबलावर ठेवली. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाने ‘सत्ता’ या शब्दाचा अर्थ जबाबदार कारभारीपण असा स्पष्ट केला. त्याच्या २११ व्या परिच्छेदात कामे घरगुती आहेत: पाणी जपून वापरणे, कचरा वेगळा करणे, खाल्ले जाईल तेवढेच शिजवणे, नको असलेले दिवे मालवणे.

‘खाल्ले जाईल तेवढेच’ हे आपल्या प्रीतिभोजनाला सर्वांत अवघड जाते. मोठ्या माणसामागे ८० ते १०० ग्रॅम कच्चा तांदूळ पुरतो. कालवणाबरोबर चपात्या असतील तर ६० सुद्धा. तरी पंच मंडळी ‘कमी पडायला नको’ म्हणून दीडपट घेतात, आणि नावे आदल्या रविवारी लिहून घेतलेली नसतात. उरलेला भात मग झाकण लावून मोठ्या पातेल्यातच संध्याकाळपर्यंत राहतो. इथे जवाची भाकरी आठवावी. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते वाढतात आणि जे विष तयार करतात, ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. तुकडे गोळा करायचेच असतील तर पंगत उठताच, दोन तासांच्या आत: भात उथळ परातींत दोन बोटे जाडीने पसरायचा, वाफ गेली की झाकून फ्रिजमध्ये ठेवायचा किंवा लगेच डब्यांत भरून, जेवायला येऊ न शकलेल्या म्हाताऱ्या-आजाऱ्यांच्या घरी पाठवायचा. डबे कोण नेणार, हे तांदूळ मोजतानाच ठरलेले असावे.