बेकेट यांची कागदपत्रे रेडिंगला कशी आली

कादंबरीकार आणि नाटककार सॅम्युएल बेकेट यांच्या वह्या, टंकलिखिते, पत्रे आणि दिग्दर्शनाची टिपणे यांचा जगातील सर्वांत मोठ्या संग्रहांपैकी एक इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. या गावाशी बेकेट यांचा जन्माचा, शिक्षणाचा वा नोकरीचा काहीच संबंध नव्हता. त्यांचा जन्म १९०६ मध्ये डब्लिनजवळ झाला, शिक्षण तिथल्या ट्रिनिटी कॉलेजात झाले आणि १९३७ च्या अखेरीपासून १९८९ मध्ये निधन होईपर्यंतचे बहुतेक आयुष्य फ्रान्समध्ये गेले. तरीही कागद रेडिंगला जमले, त्याचे श्रेय एका अध्यापकाच्या चिकाटीला आणि बेकेट यांच्या सढळ हाताला द्यावे लागते.

त्याआधीची अवस्था पांगापांगीची होती. १९५३ मध्ये पॅरिसच्या रंगमंचावर ‘वेटिंग फॉर गोदो’ (पुढे नुसते ‘गोदो’) हे नाटक आले, बेकेट यांचे नाव झाले आणि त्यांच्या हस्तलिखितांना बाजारात भाव आला. संग्राहक व पुस्तकविक्रेते मागणी करू लागले. काही कागद बेकेट यांनी विकू दिले, काही मित्रांना भेट म्हणून दिले. अमेरिकेतील विद्यापीठे त्या काळात आधुनिक लेखकांची हस्तलिखिते मोठ्या प्रमाणावर विकत घेत होती. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पोलिसांपासून बचाव करण्यासाठी दक्षिण फ्रान्समधील रूसियों या खेड्यात दडून राहिलेल्या बेकेट यांनी ज्या वह्यांत ‘वॉट’ ही कादंबरी लिहिली, त्या वह्या आज टेक्सासमधील ऑस्टिन येथील विद्यापीठात आहेत. ९ ऑक्टोबर १९४८ रोजी सुरू करून २९ जानेवारी १९४९ रोजी पूर्ण केलेल्या ‘गोदो’ची मूळ वही मात्र बराच काळ त्यांच्याजवळच राहिली; ती आता फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

१९६९ च्या नोबेल पारितोषिकानंतर दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, रेडिंग विद्यापीठात फ्रेंच शिकवणारे जेम्स नोल्सन यांनी बेकेट यांच्या कार्यावर एक प्रदर्शन भरवले. मुलाखती टाळणाऱ्या आणि स्वतःच्या लेखनाचा अर्थ सांगायला ठाम नकार देणाऱ्या या लेखकाने प्रदर्शनाला मनापासून साहाय्य केले. प्रदर्शन संपल्यावर सगळे गुंडाळून ठेवले गेले असते, तर आजचा संग्रह उभाच राहिला नसता. नोल्सन यांनी त्यातूनच कायमच्या संग्रहाची सुरुवात केली आणि पुढे बेकेट स्वतः वह्या व मसुदे देत राहिले. १९८८ मध्ये, म्हणजे त्यांच्या हयातीतच, या कामासाठी बेकेट इंटरनॅशनल फाउंडेशन ही विश्वस्त संस्था स्थापन झाली. स्वतःबद्दल इतके कमी बोलणाऱ्या माणसाने खोडलेल्या ओळींसकट आपले कागद परक्यांच्या हाती द्यावेत, यात मला मोठा विश्वास दिसतो.

या संग्रहातील दिग्दर्शनाच्या वह्या मला सर्वांत मोलाच्या वाटतात. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून बेकेट बर्लिनच्या शिलर थिएटरमध्ये स्वतःची नाटके बसवू लागले आणि प्रत्येक वेळी तालमीला उभे राहण्यापूर्वी आपलेच नाटक नव्याने अभ्यासू लागले. १९७५ मध्ये ‘गोदो’ बसवताना केलेल्या वहीत त्यांनी नाटकाचे लहान लहान भाग पाडले आहेत, पात्रे कोठून निघून कोठे थांबतात याच्या आकृत्या काढल्या आहेत आणि सगळे जण स्तब्ध होतात त्या जागा वेगळ्या नोंदवल्या आहेत. पुस्तकात केवळ संवाद आणि मौन म्हणून दिसणारे नाटक इथे पावलांच्या हिशेबात मांडलेले दिसते. ‘क्रॅप्स लास्ट टेप’ या नाटकाचा पहिला खर्डाही रेडिंगलाच आहे. १९५६ च्या उन्हाळ्याचे नाव लिहिलेल्या एका वहीत, फेब्रुवारी १९५८ मध्ये, बेकेट यांनी त्याला ‘मगी मोनोलॉग’ असे तात्पुरते शीर्षक दिले. नभोवाणीवर ऐकलेल्या पॅट्रिक मगी या आयरिश नटाच्या आवाजासाठी ते लिहीत होते. पात्राला नाव मिळण्यापूर्वी त्याला आवाज मिळाला होता, हे कळायला ही वही पाहावी लागते.

बेकेट यांच्या निधनानंतर संग्रहात पडलेली मोठी भर म्हणजे १९३६-३७ मधील जर्मनीच्या प्रवासाच्या रोजनिशीच्या सहा वह्या. त्या एका ट्रंकेत सापडल्या आणि पुतणे एडवर्ड बेकेट यांच्याकडून नोल्सन यांच्यापर्यंत पोहोचल्या. नाझी राजवटीत आधुनिक चित्रे संग्रहालयांतून हटवली जात असताना हा तरुण लेखक गावोगावी ती शोधत हिंडत होता. नोल्सन यांच्या १९९६ च्या चरित्राला या नोंदींचा मोठा आधार मिळाला.

‘मर्फी’ या कादंबरीच्या सहा वह्यांची कथा वेगळी आहे. ऑगस्ट १९३५ ते जून १९३६ या काळात लिहिलेल्या या वह्या बेकेट यांनी कवी ब्रायन कॉफी यांना भेट दिल्या होत्या. नंतर त्या खासगी संग्रहात गेल्या आणि अनेक दशके अभ्यासकांना जवळजवळ दिसल्याच नाहीत. जुलै २०१३ मध्ये त्या लंडनमध्ये लिलावात निघाल्या, तेव्हा रेडिंग विद्यापीठाने ९,६२,५०० पौंड मोजून त्या घेतल्या. कादंबरीच्या प्रसिद्ध पहिल्या वाक्याच्या जागी वहीत आधी एकामागून एक सुरुवाती लिहून खोडलेल्या आहेत आणि समासात लेखक जेम्स जॉइस व चित्रपट-नट चार्ली चॅप्लिन यांची रेखाटने आहेत. विद्यापीठाच्या दृष्टीने ही रक्कम फार मोठी असली, तरी वह्या पुन्हा एखाद्या तिजोरीत गेल्या असत्या तर झालेले नुकसान भरून निघाले नसते.

जे कागद आधीच पांगले ते एका छताखाली येण्याची शक्यता आता नाही. त्यावर तोड म्हणून बेल्जियममधील अँटवर्प व रेडिंग येथील अभ्यासकांनी ऑस्टिनच्या विद्यापीठाच्या सहकार्याने एक डिजिटल प्रकल्प हाती घेतला आणि २०११ पासून एकेका कृतीचे वेगवेगळ्या देशांतील मसुदे पडद्यावर शेजारी शेजारी वाचता येऊ लागले. मात्र कागदांची मालकी आणि मजकुराचा हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. ब्रिटिश कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर सत्तर वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, त्यामुळे रेडिंगच्या वाचनकक्षात वही उघडता आली, तरी तिच्यातील अप्रकाशित मजकूर छापायचा असेल तर २०५९ च्या अखेरपर्यंत वारसांची परवानगी घ्यावीच लागेल.