उपग्रहीय दुष्काळ निरीक्षण : वने व फळबागा

पानांवरून परावर्तित होणारे किरण उपग्रहावरून मोजून झाडांवरील पाण्याचा ताण ओळखण्याची पद्धत. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते व समीप अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे) किरण परतवते. या दोन नोंदींच्या वजाबाकीला बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक, म्हणजेच एनडीव्हीआय, मिळतो. त्याचे जनकत्व बहुधा राउस व सहकाऱ्यांकडे (१९७३) दिले जाते. तथापि क्रीग्लर व सहकाऱ्यांनी १९६९ मध्येच हे सूत्र वापरले होते, त्यामुळे राउस यांना प्रसारक म्हणणे अधिक रास्त.

एनडीडब्ल्यूआय, म्हणजे पाणी निर्देशांक, या नावाचा घोळ अधिक नुकसानकारक आहे. १९९६ मध्ये गाओ यांनी पानांतील ओलावा मोजण्यासाठी समीप व लघुतरंग अवरक्त किरणांचे पट्टे (तरंगलांबीचे टप्पे) घेतले. त्याच वर्षी मॅकफीटर्स यांनी उघड्या जलाशयांसाठी हिरवा व समीप अवरक्त पट्टा घेऊन तेच नाव दिले. उजनीच्या पाणफुगवट्याला दुसरे सूत्र लागू पडते. तेच बागेवर चालवले, तर बाग वाळत जाते तसा आकडा चढतो आणि ओलावा वाढल्याचा भास होतो.

सोलापूर जिल्ह्यातील डाळिंबाची लागवड बहुधा ४.५ × ३ मीटरवर असते. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्रातील १० × १० मीटरच्या एका चौकटीत जेमतेम सात झाडे बसतात. उरलेली नोंद मातीची. कोवळ्या बागेत म्हणून मातीचा प्रभाव कमी करणारा, १९८८ चा सॅव्ही निर्देशांक वापरावा. याहून मोठी चूक बहाराच्या ताणाची. बहार धरण्यासाठी शेतकरी मुरमाड जमिनीत साधारण महिनाभर, भारी जमिनीत त्याहून अधिक काळ पाणी तोडतो, पानगळ करवतो. चित्रात ती बाग दुष्काळाने होरपळलेली दिसते. ताण तोडल्याची, म्हणजे पुन्हा पाणी सुरू केल्याची, तारीख गटनिहाय हाताशी नसेल, तर निष्कर्ष काढूच नये.

पानझडी वनांत उन्हाळी पानगळ नेहमीचीच. त्यामुळे मागील महिन्याशी नव्हे, तर त्याच पंधरवड्याच्या अनेक वर्षांतील किमान-कमाल नोंदींशी तुलना करतात. कोगन यांच्या वनस्पती स्थिती निर्देशांकाचे, म्हणजेच व्हीसीआयचे, तत्त्व हेच; भारतात त्याचे शंभरपैकी ४० पर्यंतचे मूल्य तीव्र दुष्काळाचे मानतात. वेडी बाभूळ मात्र खोल मुळांमुळे टंचाईतही हिरवी राहते व सरासरी फुगवते.

पावसाळ्यात ढग आड येतात. २००५ च्या दुष्काळात ॲमेझॉनचे अरण्य अधिक हिरवे झाल्याचा २००७ मधील निष्कर्ष, ढग व धूलिकणांनी बिघडलेल्या नोंदी गाळल्यावर २०१० मध्ये टिकला नाही. अशा वेळी ढगांआरपार पाहणारी सेंटिनेल-१ उपग्रहाची रडार चित्रे जोडीला घेतात.