दहिसर नदीला नाला कधीपासून म्हणू लागलो?

बोरिवली पूर्वेला श्रीकृष्णनगरच्या पुलावर उभं राहून विचारा, खाली काय वाहतंय? बहुतेक जण 'नाला' म्हणतील. पण ही नदी आहे. तुळशी तलावाशी उगम, जेमतेम 12 किलोमीटर लांबी आणि मनोरीच्या खाडीत शेवट.

ज्या डोंगरांतून ती निघते, तिथलं पाणी माणसाने फार आधीपासून जपलंय. कान्हेरीच्या भिक्षूंनी लेण्यांजवळ कातळात पोढ्या, म्हणजे पाणी साठवायची टाकी, खोदल्या. इंग्रजांच्या काळात 1860 मध्ये विहार आणि 1879 मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला. शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी पाणलोटात वस्ती होऊ दिली नाही, म्हणून जंगल टिकलं; आज ते राष्ट्रीय उद्यानात आहे. आत नदी अजून नदीसारखी वागते. श्रावणात काळ्या कातळावरून फेसाळत उतरते. होड्या चालतात तो तलावही तिच्यावरच बांध घालून केलेला.

उद्यानाबाहेरची कहाणी वेगळी. बोरिवली, दहिसर ही ठाणे जिल्ह्यातली गावं. 1957 मध्ये बृहन्मुंबईची हद्द त्यांच्यापर्यंत आली. 1960 च्या दशकातही काठावर सिनेमांचं चित्रीकरण व्हायचं, इतका तो देखणा होता. मग चाळी, झोपड्या, इमारती आल्या. तबेल्यांतलं शेण धुऊन थेट पात्रात जाऊ लागलं, घरांचं सांडपाणीही. दौलतनगर, कांदरपाडा, दहिसर गावठाण, प्रत्येक वस्तीने त्यात भर घातली.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि दहिसर नदीही काठच्या घरांत शिरली. डोंगरातल्या आखूड नदीचा स्वभावच असा: उतारावरचं पाणी बघता बघता खाली येतं, आणि नेमकी भरती असेल तर खाडी ते घेत नाही. पात्र गाळाने आणि बांधकामांनी आवळलेलं असेल, तर ते जाणार कुठे? पुढे दोन्ही काठांना संरक्षक भिंती उभ्या राहिल्या. रहिवाशांना त्यांचा आधार वाटतो, ते मी समजू शकतो. पण भिंतींमध्ये कोंडलेलं पात्र पाहून पुढच्या पिढीने त्याला नाला म्हटलं तर नवल नाही, आणि मला याचंच सर्वांत वाईट वाटतं.

पाऊस ओसरल्यावर एकदा उद्यानातून या पुलापर्यंत चालत या. तळाचे गोटे दिसणारं पाणी आणि बुडबुडे सोडणारा काळा गाळ, दोन्हींत अंतर फार तर अर्ध्या तासाचं आहे.