पोकळ नळीतली कोरडी हवा

घरातल्या डिश अँटेनाच्या केबलमध्ये मधोमध तांब्याची तार असते. वेव्हगाइडमध्ये मात्र मधे काहीच नसते. ती धातूची पोकळ नळी असते आणि सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) तिच्या आतल्या हवेतून, भिंतींवर परावर्तित होत पुढे जातात. एक्स-बँड (साधारण ८ ते १२ गिगाहर्ट्‌झ) रडारसाठी सर्रास वापरली जाणारी आयताकृती नळी आतून २२.८६ मिलिमीटर रुंद आणि १०.१६ मिलिमीटर उंच असते. रुंदीच्या दुपटीपेक्षा लांब लहर तिच्यातून जात नाही, त्यामुळे साधारण ६.५६ गिगाहर्ट्‌झच्या खालच्या लहरींना तिथे मज्जाव असतो. भिंतीतला विद्युतप्रवाहही तांब्याच्या एक मायक्रोमीटरहून पातळ थरातूनच वाहतो, म्हणून आतून गंज किंवा पाण्याचा ओलावा आला, की संदेश क्षीण होतो.

मायक्रोवेव्ह टॉवरवर बहुधा लंबवर्तुळाकार छेदाची, पन्हळी तांब्याची आणि वरून काळे प्लास्टिक चढवलेली नळी चढवतात. पोलादी फूटपट्टी सपाट बाजूने सहज वाकते, कडेवर वाकत नाही. या नळीचेही तसेच असते, आणि दोन्ही दिशांना किती त्रिज्येपर्यंत वाकवायचे हे उत्पादकाने ठरवून दिलेले असते. घाईत पडलेला पोचा बाहेरून किरकोळ दिसला, तरी तिथून लहरींचा काही भाग उलटा परततो. ठराविक अंतरावर क्लॅम्प आणि विजेपासून बचावासाठी अर्थिंग हवेच.

खरा शत्रू पाणी. सील सैल असेल तर दिवसा तापलेली नळी हवा बाहेर टाकते आणि रात्री थंड होताना दमट हवा आत ओढते. कोकणातल्या पावसाळ्यात हे रोज घडले, तर सर्वांत खालच्या वळणात पाणी साठते. म्हणून नळीत वातावरणापेक्षा किंचित जास्त दाबाची कोरडी हवा भरून ठेवतात, जेणेकरून बारीक फट पडली तरी हवा बाहेर जाईल, ओलावा आत येणार नाही. काही यंत्रणांमध्ये ही हवा ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांमधून जाते, आणि निळे दाणे गुलाबी झाले, की ते बदलण्याची वेळ झालेली असते. (हा रंगबदल टिपायला कोणतेही महागडे उपकरण लागत नाही.)

दाबमापकाचा काटा नेहमीपेक्षा लवकर उतरू लागला, तर आधी सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधतात. गळका फ्लँज (नळ्या बोल्टने जोडणारी कडा) सापडला, की आधी ट्रान्समीटर बंद करायचा, मग नळीतला दाब सोडायचा आणि त्यानंतरच बोल्ट सैल करून गॅस्केट (सांधा हवाबंद करणारी चकती) बदलायचे. चालू यंत्रणेच्या उघड्या तोंडात डोकावणे डोळ्यांसाठी धोक्याचे असते.